ऑन्टारिओतील प्रतीक्षायादी आणि बफेलोतील बिल: शस्त्रक्रियेसाठी सीमा ओलांडण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते न्यू जर्सीत नोकरी करतात आणि त्यांच्या ताई, वय ६१, गेली अनेक वर्षे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील मिसिसागात राहतात. ताईंचा उजवा गुडघा पूर्ण झिजला असून तो बदलावा लागेल असे सर्जननी सांगितले आहे, पण शस्त्रक्रियेसाठी सुमारे ११ महिने थांबावे लागेल. सीमेपलीकडचे अमेरिकेतील बफेलो शहर तेथून मोटारीने दोन तासांच्या आत आहे. तेव्हा शस्त्रक्रिया बफेलोत करून घ्यावी का, तिचा खर्च ओहिप, म्हणजे ऑन्टारिओचा सरकारी आरोग्यविमा, देईल का, आणि एकंदरीत कॅनडाची व्यवस्था चांगली की अमेरिकेची, असे त्यांनी विचारले आहे.

मी मिरजेत नर्सिंग शिकले, ऑन्टारिओत अस्थिरोग विभागात १२ वर्षे काम केले आणि त्यानंतरची १४ वर्षे सीमेपलीकडे आजारी पडलेल्या रुग्णांचे दाखले, बिले आणि परतीचा प्रवास यांची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयात केस मॅनेजर म्हणून काढली. म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग कारणे देते. ओहिप या शस्त्रक्रियेचे पैसे देणार नाही, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा. स्वतःच्या पैशाने बफेलोत जाण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. मात्र त्याआधी ऑन्टारिओतल्या ऑन्टारिओत रांग बदलून पाहावी, कारण ११ महिने ही संपूर्ण प्रांताची प्रतीक्षा नसते, ती बहुधा एका सर्जनची यादी असते. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत ताईंची जबाबदारी कोणता डॉक्टर घेणार, याचे नावानिशी उत्तर मिळाल्याशिवाय सीमा ओलांडू नये, असे माझे ठाम मत आहे.

ओहिप पैसे का देणार नाही, हे समजण्यासाठी कॅनडाची व्यवस्था मुळात कशी उभी राहिली ते पाहावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना वाटते की कॅनडात सगळे सरकारी दवाखाने आहेत आणि डॉक्टर सरकारी नोकर आहेत. तसे नाही. बहुतेक डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करतात आणि प्रत्येक तपासणीचे बिल रुग्णाऐवजी प्रांताला पाठवतात. रुग्णालये बहुतांशी ना-नफा संस्था आहेत आणि त्यांना प्रांताकडून मोठा हिस्सा ठरावीक अंदाजपत्रकाच्या रूपाने मिळतो. या पद्धतीचा पाया सस्कॅचवान या शेतकरी प्रांतात टॉमी डग्लस यांच्या पक्षाच्या सरकारने घातला: १९४७ मध्ये रुग्णालयाचा विमा आणि १ जुलै १९६२ पासून डॉक्टरांच्या सेवेचा विमा. त्या दिवशी प्रांतातील डॉक्टर संपावर गेले आणि तो संप २३ दिवस चालला. आज ज्या व्यवस्थेला कॅनेडियन माणूस आपली ओळख मानतो, ती इतक्या कडव्या विरोधातून आली आहे. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने ती देशभर नेली आणि १९८४ च्या कॅनडा हेल्थ अॅक्टने तिची पाच तत्त्वे पक्की केली: कारभार सार्वजनिक हवा, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक सेवा सर्वसमावेशक हव्यात, त्या सर्व रहिवाशांना मिळाव्यात, प्रांत बदलला तरी संरक्षण तुटू नये आणि पैशाची अडचण वाटेत येऊ नये. विमासंरक्षित सेवेसाठी प्रांतात रुग्णाकडून जादा पैसे घेतले गेले, तर केंद्र तेवढीच रक्कम त्या प्रांताच्या अनुदानातून कापून घेते.

या तत्त्वांमुळे मिसिसागातील ताईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एकही डॉलर द्यावा लागणार नाही, रुग्णालयातील भूल, औषधे आणि सर्वसाधारण खोली यांच्यासह. पण याच कायद्यात रुग्णालयाबाहेरची औषधे, दात आणि चष्मे नाहीत, ही गोष्ट भारतातून नव्याने येणाऱ्यांना फार उशिरा कळते. ऑन्टारिओत ६५ वर्षांवरील रहिवाशांना आणि विमा नसलेल्या २५ वर्षांखालील तरुणांना औषधांसाठी सरकारी योजना आहे. ताई ६१ वर्षांच्या आहेत, म्हणून घरी आल्यावर घ्यायची रक्त पातळ ठेवणारी औषधे त्यांना नोकरीतील विम्यातून किंवा खिशातूनच घ्यावी लागतील. २०२४ मध्ये केंद्राने औषधविम्याचा कायदा केला, पण त्याची सुरुवात गर्भनिरोधके आणि मधुमेहाची औषधे यांच्यापुरतीच आहे.

अमेरिकेची गोष्ट अगदी वेगळ्या वाटेने गेली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर मर्यादा आणल्यामुळे कारखान्यांनी कामगार टिकवण्यासाठी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली, आणि युद्ध संपले तरी विमा नोकरीला चिकटून राहिला. ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर ६५ वर्षांवरील लोकांसाठी आणि मेडिकेड गरिबांसाठी. २०१० च्या अफोर्डेबल केअर अॅक्टने आधीपासूनच्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारणे बंद केले आणि मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू दिले. एवढे होऊनही २०२३ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या ८ टक्के, विम्याविना होते. ज्यांच्याकडे विमा आहे तेही पूर्ण निश्चिंत नसतात. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता, ज्याचा मोठा भाग मालक भरतो. त्यानंतर डिडक्टिबल, को-पे आणि नेटवर्क या तीन शब्दांशी रुग्णाची गाठ पडते. विमा देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम किती, प्रत्येक भेटीत आपला वाटा किती आणि आपला डॉक्टर विमाकंपनीच्या यादीत आहे की नाही, हे तिन्ही प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावे लागतात.

आता तुलना करू. अमेरिकेने २०२३ मध्ये आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के खर्च केले. कॅनडाचा खर्च १२ टक्क्यांच्या आसपास असतो. त्याच वर्षी सरासरी आयुर्मान अमेरिकेत ७८.४ वर्षे आणि कॅनडात ८१.७ वर्षे होते. आयुर्मान रुग्णालयांमुळेच ठरत नाही. बंदुका, अमली पदार्थ, रस्त्यावरील अपघात आणि लठ्ठपणा यांचाही त्यात मोठा वाटा आहे, म्हणून या आकड्यावरून डॉक्टरांची गुणवत्ता जोखणे अन्यायाचे होईल. मला अधिक बोलका वाटतो तो कागदोपत्री खर्च. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१७ साली अमेरिकेच्या आरोग्यखर्चापैकी ३४.२ टक्के भाग बिले, मंजुऱ्या आणि कारभार यांत गेला. कॅनडात तो १७ टक्के होता. मी स्वतः दोन्हीकडच्या बिलिंग विभागांशी बोलत आयुष्य काढले आहे, त्यामुळे या आकड्याचे मला मुळीच नवल वाटत नाही. ऑन्टारिओत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या घरी बिल येत नाही. बफेलोत रुग्णालय, सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि फिजिओथेरपी यांची वेगवेगळी बिले वेगवेगळ्या आठवड्यांत येत राहतात, आणि शेवटचे बिल येईपर्यंत एकूण खर्च कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

तरीही अमेरिकेची बाजू खरी आणि भक्कम आहे, आणि ती दडवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. चांगला विमा हाती असेल तर तेथे एमआरआय काही दिवसांत होतो आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख काही आठवड्यांत मिळते. कॅनडात प्रतीक्षा हे खरे दुखणे आहे. कॅनडातील फ्रेझर इन्स्टिट्यूट ही संस्था दर वर्षी डॉक्टरांना विचारून जो अंदाज काढते त्यानुसार, फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यापासून उपचार होईपर्यंतचा मध्यम काळ १९९३ मध्ये ९.३ आठवडे होता, तो २०२४ मध्ये ३० आठवड्यांवर गेला. ही संस्था खासगी उपचारांच्या बाजूची आहे आणि तिची पाहणी उत्तर पाठवणाऱ्या थोड्या डॉक्टरांवर आधारलेली असते, हे लक्षात घेऊनही दिशा चुकीची नाही. सांधा बदलण्यासाठी देशाने स्वतः ठरवलेली मर्यादा २६ आठवड्यांची आहे, आणि अलीकडच्या वर्षांत गुडघ्याच्या दहापैकी साधारण सहाच शस्त्रक्रिया तेवढ्या वेळात झाल्या आहेत. शिवाय हे २६ आठवडे सर्जन आणि रुग्ण यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतल्यापासून मोजले जातात. सर्जनची पहिली भेट मिळेपर्यंत गेलेले महिने त्यात धरलेलेच नसतात. गुडघ्याच्या वेदनेने रात्र-रात्र न झोपणाऱ्या माणसाला ‘तुमचा आजार तातडीचा नाही’ असे सांगावे लागणे, हे माझ्या कामातले सर्वांत जड वाक्य होते.

थोडक्यात, दोन्ही देशांत गाळणी आहे. कॅनडाने ती वेळेची लावली आहे आणि अमेरिकेने पैशाची. पण छातीत कळ आली, अपघात झाला किंवा कर्करोगाचे निदान झाले, तर ऑन्टारिओतील गाळणीचे भोक एकदम मोठे होते. खुब्याचे हाड मोडले तर ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी असे मानक आहे. अमेरिकेतही १९८६ च्या एका कायद्यामुळे इमर्जन्सी विभागाला रुग्णाकडे पैसे आहेत की नाहीत हे न पाहता तपासावे आणि स्थिर करावे लागते, मात्र त्यानंतर बिल येतेच. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने नेटवर्कबाहेरच्या इमर्जन्सीचे अनपेक्षित बिल रोखले आहे, पण ते विमा असलेल्यांपुरते, आणि रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स त्यातूनही वगळलेली आहे. ऑन्टारिओत आवश्यक अॅम्ब्युलन्ससाठी ओहिपधारकाला ४५ डॉलर द्यावे लागतात.

आता ओहिप आणि बफेलो. देशाबाहेरच्या नियोजित उपचाराचे पैसे प्रांत देतो, पण अटी कडक आहेत. अर्ज ऑन्टारिओतील डॉक्टरने करायचा असतो. उपचार सुरू होण्यापूर्वी लेखी मंजुरी हवी. तो उपचार ऑन्टारिओत योग्य मानला जाणारा हवा, प्रायोगिक नको. आणि तो एकतर ऑन्टारिओत होतच नसला पाहिजे किंवा थांबल्यास मृत्यू अथवा शरीराची कायमची, वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय हानी होणार असली पाहिजे. झिजलेल्या गुडघ्याची वेदना, ती कितीही असह्य असली तरी, या शेवटच्या अटीत बसत नाही. नकारावर अपील करण्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. पण आधी शस्त्रक्रिया करून मग पावत्या घेऊन आलेल्या लोकांची मी पाहिलेली जवळजवळ सर्व अपिले एकाच कारणाने फेटाळली गेली: मंजुरी आधी घेतली नव्हती.

प्रांत स्वतःहून रुग्णांना सीमेपलीकडे पाठवतो, असेही प्रसंग आहेत आणि ते पाहिले की नियमामागचे तर्कशास्त्र उलगडते. ब्रिटिश कोलंबियाने मे २०२३ पासून स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना किरणोपचारासाठी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅमला पाठवले, आठवड्याला ५० पर्यंत, कारण प्रांतातील यंत्रे आणि तंत्रज्ञ अपुरे पडत होते. ऑन्टारिओनेही १९९९ च्या सुमारास असेच रुग्ण बफेलोसह अमेरिकेतील काही शहरांत पाठवले होते. ऑन्टारिओच्या सीमेवरील विंडसर शहरातील हृदयविकाराच्या रुग्णांना नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत नेण्यात आले आहे, कारण ऑन्टारिओतीलच लंडन नावाच्या शहरापेक्षा डेट्रॉइट फार जवळ पडते. कर्करोगावरील प्रोटॉन किरणोपचाराचे केंद्र कॅनडात नसल्याने त्यासाठी मंजूर झालेली मुले प्रांताच्या खर्चाने अमेरिकेत जातात. २००७ मध्ये कॅल्गरीच्या एका मातेला नवजात अतिदक्षता विभागात चार खाटा एकत्र मिळेनात, म्हणून मोंटानातील ग्रेट फॉल्स येथे न्यावे लागले आणि तिथे तिची चार बाळे जन्मली. या सर्वांत पाठवणारा डॉक्टर, स्वीकारणारा डॉक्टर आणि पैसे देणारा प्रांत यांचे आधी बोलणे झालेले होते. रुग्ण परत आला तेव्हा त्याची फाइल त्याच्या आधी पोहोचली होती.

कॅनेडियन लोक झुंडीने अमेरिकेत उपचार घ्यायला जातात, ही समजूत मात्र खरी नाही. १९९६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारित आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १८,००० जणांपैकी ९० जणांनी वर्षभरात अमेरिकेत काही उपचार घेतला होता, आणि त्यांतले २० जणच खास त्यासाठी गेले होते. बाकीचे हिवाळ्यात फ्लोरिडाला गेलेले किंवा प्रवासात आजारी पडलेले होते.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर बफेलोतील रुग्णालयाला ‘स्वतः पैसे भरणाऱ्यासाठी एकत्रित लेखी दर’ मागावा. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकी रुग्णालयांना आपले दर, रोखीच्या सवलतीच्या दरासह, प्रसिद्ध करावे लागतात, तेव्हा मागणी करण्यात संकोच बाळगू नये. त्या दरात सर्जन, भूलतज्ज्ञ, इम्प्लांट म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा, एक रात्र जास्त राहावे लागल्यास तिचे पैसे आणि ३० दिवसांतील गुंतागुंत यांपैकी काय धरले आहे, हे कागदावर असायला हवे. प्रश्नकर्त्यांच्या मनात कदाचित असेल म्हणून सांगते की त्यांच्या नोकरीतील विम्यात बहीण बसत नाही. जोडीदार आणि मुले एवढीच सामान्यतः अवलंबित मानली जातात. ताईंचा प्रवासविमाही उपयोगी नाही, कारण तो अनपेक्षित आजारासाठी असतो आणि ठरवून केलेली शस्त्रक्रिया त्यातून स्पष्टपणे वगळलेली असते. परदेशी केलेला पात्र वैद्यकीय खर्च कॅनडाच्या आयकर विवरणात दाखवता येतो, पण त्यातून परत मिळणारी रक्कम बिलाच्या मानाने लहान असते.

पैसे भरायची तयारी असेल तर आणखी एक वाट आहे. ऑन्टारिओच्या रहिवाशाला ऑन्टारिओत पैसे देऊन विमासंरक्षित शस्त्रक्रिया करून घेता येत नाही. पण क्वेबेक किंवा अल्बर्टा येथील काही खासगी केंद्रे दुसऱ्या प्रांतातील रुग्णांवर पैसे घेऊन सांधा बदलतात. साधारणपणे तिथला खर्च वीस ते तीस हजार कॅनेडियन डॉलरांच्या घरात सांगितला जातो. अमेरिकी बिलापेक्षा तो बहुधा कमी असतो, कागदपत्रे कॅनेडियन पद्धतीची असतात आणि डॉक्टरांना एकमेकांशी बोलणे सोपे जाते. या पळवाटेबद्दल माझ्या मनात अस्वस्थता आहे, कारण तेच सर्जन आणि तीच भूलतज्ज्ञ मंडळी सार्वजनिक रुग्णालयातून तेवढा वेळ कमी होतात. पण विचारणाऱ्याला खरी माहिती द्यायलाच हवी.

त्याआधी करायची गोष्ट फुकट आहे. ऑन्टारिओत रुग्णालयनिहाय प्रतीक्षाकाळ सरकार जाहीर करते, आणि एकाच महानगरात दोन रुग्णालयांत महिन्यांचा फरक आढळतो. फॅमिली डॉक्टरांना सांगावे की रेफरल, म्हणजे सर्जनकडे पाठवण्याची चिठ्ठी, एका सर्जनच्या नावे ठेवण्याऐवजी सांध्यांच्या मध्यवर्ती नोंदणी केंद्राकडे पाठवा आणि ‘पहिला उपलब्ध सर्जन’ अशी नोंद करा. प्रतीक्षेच्या काळात चालणे कमी झाले, पडायला झाले, झोप उडाली किंवा वेदनाशामकांचे प्रमाण वाढले, तर तेही डॉक्टरांना कळवून अग्रक्रम पुन्हा ठरवायला सांगावे. सर्जनच्या कार्यालयात फोन करून आयत्या वेळी रद्द झालेल्या तारखेसाठी आपण तयार असल्याचे कळवावे, आणि तसे खरेच तयार असावे, म्हणजे दात, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी आधीच झालेली असावी. आपल्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणे फार आढळते. त्यामुळे मिळालेली तारीख पुढे गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. मी वॉर्डात असताना ब्रॅम्प्टनच्या एका मावशींना दहा महिने सांगितले होते. रेफरल बदलल्यावर त्यांची शस्त्रक्रिया हॅमिल्टनला चौथ्या महिन्यात झाली. त्यासाठी त्यांच्या मुलाला चार वेळा गाडी काढावी लागली.

जबाबदारीचा प्रश्न मी सुरुवातीला मांडला, त्यामागे एक अनुभव आहे. सीमेपलीकडे गुडघा बदलून आलेल्या एका गृहस्थांना पाचव्या आठवड्यात ताप आला आणि जखमेतून पाणी येऊ लागले. ऑन्टारिओतील इमर्जन्सीने त्यांना दाखल करून घेतले आणि तो खर्च ओहिपने उचलला, कारण ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होते. पण आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा बसवला आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेचा अहवाल मागवण्यात चार दिवस गेले. मूळ सर्जन फोनवर आले नाहीत, आणि इथले सर्जन दुसऱ्याने केलेल्या ताज्या शस्त्रक्रियेत हात घालायला स्वाभाविकच कचरत होते. संसर्गाच्या बाबतीत चार दिवस फार असतात. म्हणून जायचेच ठरले तर ऑन्टारिओतील एका सर्जनकडून ‘परतल्यावर मी पाहीन’ असे लेखी घ्यावे. फिजिओथेरपी कोठे, कोणाच्या चिठ्ठीने आणि कोणाच्या खर्चाने होणार, हेही आधी ठरवावे, कारण इथल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी जी व्यायामाची सोय आपोआप लागते, ती बाहेरून आलेल्यांना आपोआप लागत नाही. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. बफेलोहून परतताना दर तासाला गाडी थांबवून चालावे लागते, आणि पीस ब्रिज या सीमेवरील पुलावरची रांग लांब असू शकते.

याच विषयाला लागून असलेली आणखी एक बाब सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्याकडे मराठी घरांतून येणारे सर्वाधिक फोन तिच्यासाठीच असत. आईवडील भारतातून मुलांकडे येतात. आईवडिलांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, त्यामुळे तो सगळे घेतात, पण त्यातले ‘स्थिर आजार’ हे कलम क्वचितच कोणी वाचते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळीचा डोस, निघण्यापूर्वी विम्याच्या पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत, जी अनेकदा ९० किंवा १८० दिवसांची असते, बदलला गेला तर तो आजार अस्थिर धरला जातो आणि त्याच्याशी संबंधित दावा नाकारला जाऊ शकतो. डोस कमी केला तरीही हेच लागू होऊ शकते. सोलापूरहून आलेल्या एका काकांच्या गोळीत डॉक्टरांनी निघण्याच्या तीन आठवडे आधी, प्रवासाची काळजी म्हणून, बदल केला होता. नायगारा पाहायला गेले असताना अमेरिकेच्या बाजूला त्यांच्या छातीत दुखू लागले. एक तर दावा त्या कलमात अडकला, दुसरे म्हणजे त्यांच्या विम्यात कॅनडाबाहेरच्या सहलीला मर्यादा होती. बिल कमी करून घेण्यासाठी आम्ही सात महिने रुग्णालयाच्या आर्थिक साहाय्य विभागाशी पत्रव्यवहार केला. भारतातील डॉक्टरांना एवढेच विचारावे की औषधात बदल करायचाच असेल तर तो तिकीट काढण्यापूर्वी पुरेसा आधी करता येईल का.

ओहिपधारक असलेल्यांनाही अमेरिकेत जाताना वेगळा विमा लागतोच. अचानक आजारात रुग्णालयात दाखल झाल्यास ओहिप दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर आणि बाह्यरुग्ण विभागासाठी ५० डॉलर देते. ब्रिटिश कोलंबिया दिवसाला ७५ डॉलर देते. अमेरिकी रुग्णालयातील एका दिवसापुढे या रकमा नाममात्र आहेत. उलट बाजूने न्यू जर्सीचे पाहुणे ताईंकडे मिसिसागाला येऊन आजारी पडले, तर त्यांनाही परदेशी रुग्णाचा दर लागतो, आणि मेडिकेअर कॅनडातील उपचार अलास्काच्या वाटेवरील प्रवासासारख्या मोजक्या अपवादांतच देते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावलेल्या आईवडिलांना, त्यांनी तेथे कर भरून काम केलेले नसल्यास, मेडिकेअर विकत घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते.

औषधांच्या बाबतीत प्रवाह उलटा वाहतो. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडले आणि संशोधकांनी त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. त्याच इन्सुलिनसाठी २०१९ मध्ये अमेरिकी रुग्णांचे जथे बसने विंडसरला आले. २०२३ पासून मेडिकेअरधारकांना ते महिना ३५ डॉलरच्या मर्यादेत मिळते, पण इतर औषधांसाठी सीमेवरची ये-जा थांबलेली नाही.

ताईंसाठी पुढच्या दोन आठवड्यांचा क्रम मी असा ठेवीन. आधी फॅमिली डॉक्टरांची भेट आणि मध्यवर्ती रेफरल. मग मिसिसागा, हॅमिल्टन, किचनर आणि टोरांटो येथील प्रतीक्षाकाळ पाहून नव्या सर्जनचा अंदाज लेखी घेणे. तो सहा महिन्यांच्या आत आला तर बफेलोचा विषय सोडून द्यावा आणि तो वेळ मांडीच्या स्नायूंच्या व्यायामात घालवावा, कारण शस्त्रक्रियेआधी पाय जितका बळकट, तितके नंतरचे जिने सोपे जातात. अंदाज वर्षाजवळ राहिला आणि पैशाची सोय असेल, तर माँट्रियाल आणि बफेलो या दोन्ही ठिकाणांहून लेखी दर मागवावेत, पाठपुराव्याला इथला सर्जन आधी शोधावा, आणि डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी हातात घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये: शस्त्रक्रियेचा पूर्ण अहवाल, क्ष-किरण चित्रांची डिस्क आणि सांध्याच्या भागांवरील स्टिकर चिकटवलेला तो छोटा कागद.